वुडस्टॉकनं मागे काय ठेवलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वुडस्टॉकला नेमकं काय झालं होतं?

१५ ऑगस्ट १९६९, शुक्रवार. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ, मॅक्स यास्गर नावाच्या दूध उत्पादकाच्या ६०० एकर जमिनीवर संगीत महोत्सव सुरू व्हायचा होता. ठरलेले कलाकार रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेले आणि समोर माणसांचा समुद्र. तेव्हा जो हाताशी होता त्याला, रिची हेवन्स या गायक-गिटारवादकाला, पाचच्या सुमारास मंचावर पाठवलं. तो गाऊन उठला की आयोजक त्याला पुन्हा पाठवायचे. शेवटी त्याच्याजवळची गाणी संपली, तेव्हा त्यानं एका जुन्या कृष्णवर्णीय भजनाच्या आधारानं ‘फ्रीडम’ हा एकच शब्द घोळवत तिथल्या तिथे गाणं रचलं. पुढे आयुष्यभर तो त्याच गाण्यासाठी ओळखला गेला.

त्यानंतर रविवारपर्यंत चालायचा कार्यक्रम लांबत लांबत सोमवारी, १८ ऑगस्टला सकाळी संपला. एकूण ३२ कलाकार आणि बँड गायले-वाजले. गर्दीचा अंदाज चार लाखांच्या वर दिला जातो. पाऊस, चिखल, अन्नाची टंचाई, तुंबलेली शौचालयं असं सगळं असूनही एवढ्या लोकांत दंगल झाली नाही, मोठी मारामारी झाली नाही. वुडस्टॉकबद्दल आजवर जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

बेथेलला झालं, मग नाव वुडस्टॉक कसं?

मायकेल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जोएल रोझेनमन आणि जॉन रॉबर्ट्स या चौघांना मुळात वुडस्टॉक गावात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढायचा होता. त्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चित्रकार-कारागिरांची वसाहत होती आणि प्रसिद्ध गायक-गीतकार बॉब डिलन तिथे राहायचा. महोत्सवाला मात्र तिथे जागा मिळाली नाही. मग वॉलकिल गावात जागा ठरली, तिकिटं विकली गेली, आणि जुलैच्या मध्याला, अवघा महिना राहिला असताना, गावानं परवानगी नाकारली. यास्गरची जमीन मिळाली ती त्यानंतर. वुडस्टॉक गाव तिथून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. नाव छापलेलं होतं, ते तसंच राहिलं. आणि ज्याच्या गावाच्या नावानं सगळं झालं तो डिलन आलाच नाही. तो महिनाअखेरीस इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या महोत्सवात गायला.

यास्गर हिप्पी होता का?

अजिबात नाही, आणि म्हणूनच मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस वाटतो. ४९ वर्षांचा, हृदयविकाराचा रुग्ण, रिपब्लिकन पक्षाचा मतदार, व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणारा. सलिव्हन परगण्यातला सर्वांत मोठा दूध उत्पादक. त्या वर्षी पावसानं गवत हाती लागलं नव्हतं, वैरण विकत घ्यावी लागणार होती, त्यामुळे भाड्याचे पैसे त्याला हवे होते. तो व्यवहार होता आणि तो व्यवहारच होता हे त्यानं लपवलं नाही.

पण गावात ‘मॅक्सचं दूध घेऊ नका, त्याचा हिप्पी महोत्सव बंद पाडा’ असे फलक लागले तेव्हा तो मागे हटला नाही. तरुणांचे केस लांब आहेत म्हणून त्यांना हाकलायचं, हे त्याला मान्य नव्हतं. काही शेजारी तहानलेल्या पोरांना पैसे घेऊन पाणी विकत आहेत असं कळल्यावर त्यानं आपल्या गोठ्याच्या इमारतीवर ‘पाणी फुकट’ अशी पाटी लावली. रविवारी त्याला मंचावर बोलावलं. ‘मी एक शेतकरी आहे’ अशी त्यानं सुरुवात केली, एवढ्या लोकांसमोर कसं बोलायचं ते आपल्याला येत नाही म्हणाला, आणि मग सांगितलं की लाखो तरुण एकत्र येऊन तीन दिवस फक्त संगीत आणि आनंदात घालवू शकतात हे तुम्ही जगाला दाखवून दिलंत.

त्याची किंमत त्यानं मोजली. शेजाऱ्यांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. १९७१ मध्ये त्यानं शेत विकलं आणि १९७३ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, फ्लोरिडात वारला.

तिकीट होतं, तरी सगळे फुकट कसे शिरले?

तीन दिवसांचं तिकीट आगाऊ घेतल्यास १८ डॉलर आणि दारावर २४ डॉलर असं ठरलं होतं. सुमारे १ लाख ८६ हजार तिकिटं आधीच विकली गेली होती. जागा ऐनवेळी बदलल्यामुळे मंच उभारायचा की कुंपण घालायचं असा प्रश्न आला, आणि मंच निवडला गेला. कुंपण अर्धवटच राहिलं, तिकीटखिडक्या उभ्याच राहिल्या नाहीत, आणि कार्यक्रम सुरू होण्याच्या दोन दिवस आधीच हजारो लोक आत येऊन बसले होते. मग मंचावरून जाहीर झालं की आता हा कार्यक्रम फुकट आहे. त्याला औदार्य म्हणा, पण दुसरा इलाजही नव्हता.

एवढ्या लोकांनी खाल्लं काय?

हा प्रश्न लोक सहज विचारतात, आणि माझ्या मते वुडस्टॉकच्या वारशाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

खाण्याच्या गाड्यांचं कंत्राट दिलेलं होतं. माल पहिल्याच दिवसात संपत आला, भाव वाढवले गेले, आणि चिडलेल्या लोकांनी त्यातले काही स्टॉल जाळले. वुडस्टॉकमध्ये सगळं प्रेमानंच झालं असं सांगणारे हा भाग गाळतात.

पोट भरलं ते दुसऱ्याच लोकांनी. न्यू मेक्सिकोत सामूहिक वस्ती करून राहणाऱ्या ‘हॉग फार्म’ या मंडळींना आयोजकांनी विमानानं आणलं होतं. कामं अशी : झाडीतून पायवाटा काढायच्या, शेकोट्यांसाठी खड्डे खणायचे, फुकट स्वयंपाकघर चालवायचं. विमानतळावर उतरल्यावर पत्रकारांनीच त्यांना सांगितलं की सुरक्षाव्यवस्थाही तुमच्याकडे आहे. त्यांचा म्होरक्या ह्यू रॉम्नी, जो पुढे वेव्ही ग्रेव्ही म्हणून प्रसिद्ध झाला, त्याला विचारलं, दंगा झाला तर काय वापरणार? तो म्हणाला, ‘क्रीम पाय’, म्हणजे मलई भरलेले केक, आणि सोड्याच्या बाटल्या.

त्यांनी पोत्यांनी गव्हाचा दलिया आणि ओट्स विकत आणले होते. मोठ्या भांड्यांत शिजवायचं, भाज्या टाकायच्या, कागदी कपात वाढायचं. मंचाजवळची जागा जाईल म्हणून जे उठत नव्हते त्यांच्यापर्यंत सकाळी कपातून ओट्स आणि सुका मेवा हातोहात पोचवला गेला. आपल्याकडच्या भंडाऱ्यात जसं वाढणारा आणि जेवणारा यांत फारसा फरक उरत नाही, तसं तिथे झालं : रांगेत उभा राहिलेला माणूस खाऊन झालं की पळी हातात घ्यायचा.

बाहेरच्या गावांनीही हात लावला. मॉन्टिसेलोच्या ज्यू समाजकेंद्रातल्या बायकांनी हजारोंनी सँडविच केली आणि ती ख्रिस्ती जोगिणींनी वाटली. गावकऱ्यांनी घरातली अंडी, डबे, पाव पाठवले. ज्या लष्कराच्या विरोधात मंचावर गाणी चालली होती, त्याच लष्कराच्या हेलिकॉप्टरमधून डॉक्टर आणि औषधं उतरली. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे १० हजार जवान पाठवण्याच्या विचारात होते. जॉन रॉबर्ट्सनं त्यांना कसंबसं परावृत्त केलं. ते जवान आले असते तर आज आपण बहुधा वेगळीच गोष्ट वाचत असतो.

अमली पदार्थ आणि मृत्यू?

दोन्ही होते. गांजा उघडपणे ओढला जात होता, एलएसडीही मुबलक होतं, आणि मंचावरून ‘तपकिरी रंगाची गोळी चांगली नाही, जपून’ अशी सूचना दिली गेली. एका तरुणाचा अमली पदार्थानं जीव गेला. दुसरा गवतात पांघरुणात झोपलेला असताना ट्रॅक्टरखाली सापडला. हे दोन मृत्यू वुडस्टॉकच्या प्रत्येक कौतुकासोबत सांगितले गेले पाहिजेत.

एलएसडी घेऊन भेदरलेल्यांसाठी वेगळे तंबू होते. सुरुवातीला डॉक्टरांचा कल गुंगीचं इंजेक्शन देण्याकडे होता. हॉग फार्मच्या लोकांनी दुसरी पद्धत घेतली : शेजारी बसायचं, हात धरायचा, नाव विचारायचं, हे सगळं थोड्या वेळानं उतरेल असं सांगत राहायचं. माणूस सावरला की त्याला म्हणायचं, तो बघ, तीन तासांपूर्वी तू जसा होतास तसा एक जण आला आहे, आता त्याच्याजवळ तू बस. मोठ्या महोत्सवांत आज अशी शांत बसायची जागा आणि सोबतीला स्वयंसेवक असतात, त्या पद्धतीच्या मुळांपैकी एक या तंबूंत आहे.

पंडित रविशंकर तिथे वाजले, मग नंतर नाराज का झाले?

शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास ते मंचावर आले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. पूरिया धनाश्री, मग अल्लारखाँचं झपतालातलं एकल वादन, मग मांज खमाज. पूरिया धनाश्री म्हणजे संधिप्रकाशाचा राग, आणि तो वाजत होता रात्री, पावसात, विजेच्या तारांच्या जंजाळात. लाकूड आणि कातड्याच्या वाद्यांचं ओल्या हवेत काय होतं, हे ज्यानं तबला लावला आहे त्याला सांगायला नको.

त्याच्या दोन वर्षं आधी, जून १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे महोत्सवात ते दुपारभर वाजले होते आणि लोकांनी कान देऊन ऐकलं होतं. तो अनुभव त्यांना मनापासून आवडला होता. वुडस्टॉकला मात्र त्यांना असं दिसलं की संगीत बाजूला पडलं आहे, लोक मौजेसाठी आलेत आणि बहुतेक जण नशेत आहेत. चिखलात बसलेला जमाव पाहून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी नंतर लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. आपल्याकडे रागसंगीत ही साधना आहे, नशेला साथ म्हणून ते वाजवायचं नसतं. पुढे ते अशा महोत्सवांपासून दूर झाले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशासाठी न्यूयॉर्कला झालेल्या मैफलीत ते ‘बीटल्स’ बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनसोबत होते, पण तिथेही त्यांनी वादनाआधी श्रोत्यांना धूम्रपान करू नका अशी विनंती केली.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पंडितजींचं दुःख खरं होतं. आणि त्या पावसात बसलेल्या काही हजार अमेरिकन पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा आलाप ऐकला, त्यातले काही पुढे सतार-तबला शिकायला निघाले, हेही खरं. अमेरिकेत भारतीय संगीताचा जो श्रोतावर्ग तयार झाला त्यात या काळाचा वाटा मोठा आहे.

जाता जाता : त्याच दिवशी, हेवन्सचं गाणं झाल्यावर, स्वामी सच्चिदानंद यांनी मंचावर बसून महोत्सवाला आशीर्वाद दिला होता. ते तमिळ, १९६६ पासून अमेरिकेत योग शिकवत होते. भगव्या कफनीतलं त्यांचं पांढऱ्या दाढीचं छायाचित्र पुढे खूप गाजलं.

जिमी हेन्ड्रिक्सनं राष्ट्रगीताचा अपमान केला होता का?

त्यालाही हे विचारलं गेलं. दूरचित्रवाणीवर डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमात तो म्हणाला, मला तर ते सुंदर वाटलं.

तो वाजवायला आला सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास. तोवर बहुतेक लोक घरी निघून गेले होते, चिखलात चपला, चादरी आणि कचरा पडला होता, आणि जमावाचा दहावा हिस्सा कसाबसा उरला होता. हेन्ड्रिक्सनं गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू केलं. चाल ओळखू येते, मग ती ओळ फाटत जाते. तारांमधून विमानं घिरट्या घालतात, बॉम्ब पडतात, कोणी किंचाळतं, आणि मधेच सैनिकाच्या अंत्यविधीला वाजणारी बिगुलाची धून येऊन जाते. मग पुन्हा राष्ट्रगीताची चाल. एकही शब्द नाही.

हे वाजवणारा स्वतः अमेरिकन लष्कराच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनमध्ये होता. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये पाच लाख चाळीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक होते. हा अपमान असता तर त्यानं मूळ चालीचा इतका आब राखला नसता. ज्या देशावर जीव आहे त्याच्या नावानं काय चाललं आहे हे मला त्यात ऐकू येतं. वर्षभरानं, १८ सप्टेंबर १९७० ला, वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला.

वुडस्टॉकमुळे व्हिएतनाम युद्ध थांबलं, हे खरं आहे का?

नाही. अमेरिकन सैन्य १९७३ मध्ये बाहेर पडलं, त्यामागे रणांगणावरची परिस्थिती, राजकारण आणि कित्येक वर्षांची आंदोलनं होती. वुडस्टॉक ही राजकीय सभा नव्हतीच. ॲबी हॉफमन हा कार्यकर्ता ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमात मधेच माइकवर बोलायला लागला तेव्हा पीट टाउनशेंडनं त्याला मंचावरून हुसकून लावलं.

युद्ध तिथे वेगळ्या रूपात होतं. महोत्सवावरच्या चित्रपटात शौचालयं साफ करणाऱ्या एका मध्यमवयीन माणसाशी बोलणं आहे. तो मनापासून काम करतो आहे, कागद लावतो आहे, जंतुनाशक टाकतो आहे. पोरांचं भलं व्हावं म्हणतो. मग सांगतो, माझा एक मुलगा इथेच कुठेतरी आहे, आणि दुसरा व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर चालवतो. एवढं बोलून तो पुढच्या दाराकडे वळतो. त्या काळातल्या अमेरिकन घराची फाळणी याहून नेमकी मी कुठे पाहिली नाही.

आयोजक श्रीमंत झाले असतील ना?

महोत्सव संपला तेव्हा त्यांच्या डोक्यावर दहा लाख डॉलरच्या वर कर्ज होतं. जॉन रॉबर्ट्स एका औषधकंपनीच्या घराण्यातला वारस होता आणि त्याच्या घरच्यांनी ते निस्तरलं. फेडायला दहाएक वर्षं लागली, तीही चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नातून.

तो चित्रपट म्हणजे वारशाचा अर्धा भाग आहे. मायकेल वॉडली दिग्दर्शक, संकलनाच्या टेबलावर थेल्मा स्कूनमेकर आणि तरुण मार्टिन स्कोर्सेसी. १९७० मध्ये तो प्रदर्शित झाला, त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. पडद्याचे दोन-तीन भाग करून एकाच वेळी मंच आणि गर्दी दाखवण्याची त्याची पद्धत नंतर असंख्यांनी उचलली. जगातल्या करोडो लोकांनी वुडस्टॉक पाहिलं ते याच डोळ्यांनी. म्हणून चित्रपटात जे आलं ते आठवणीत राहिलं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा तेव्हाचा अत्यंत लोकप्रिय बँड तिथे वाजला होता, पण मूळ चित्रपटात आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेत नसल्यामुळे कित्येकांना ते ठाऊकही नसतं. याउलट सान्ताना तेव्हा जवळजवळ अनोळखी होता, त्याचा पहिला अल्बमही बाहेर यायचा होता. चित्रपटानं त्याला घराघरात नेलं.

वर्तमानपत्रांचंही असंच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १८ ऑगस्टच्या अग्रलेखात या प्रकाराला दुःस्वप्न म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी सूर मऊ केला.

हे सगळं गोऱ्या मुलांचंच होतं, अशी टीका होते. ती बरोबर आहे का?

प्रेक्षकांपुरती, हो. मंचावर हेवन्स, हेन्ड्रिक्स, स्ली स्टोन यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलाकार होते आणि महोत्सवातले काही सर्वोत्तम क्षण त्यांचे आहेत, पण समोरचा जमाव बहुतांशी गोरा, मध्यमवर्गीय होता.

त्याच उन्हाळ्यात, तिथून दीडशे किलोमीटरवर, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दर रविवारी एका बागेत फुकट मैफली चालल्या होत्या. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, महेलिया जॅक्सन, बी. बी. किंग. हजेरी सगळी मिळून तीन लाखांच्या आसपास. त्याचंही चित्रीकरण झालं होतं. ते कोणी घेतलं नाही आणि जवळजवळ ५० वर्षं डब्यात पडून राहिलं. २०२१ मध्ये क्वेस्टलव्ह या संगीतकारानं त्यावर ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. एकाच वर्षातले दोन महोत्सव, एक दंतकथा झाला आणि दुसरा विसरला गेला. वुडस्टॉकवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं तो माहितीपट बघावा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

चारच महिन्यांत आल्टामाँट झालं. मग वुडस्टॉक हा योगायोग होता?

६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट शर्यतमैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडनं फुकट कार्यक्रम केला. सुरक्षेसाठी ‘हेल्स एंजल्स’ ही मोटारसायकलवाल्यांची टोळी नेमली होती. मंचासमोर १८ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला त्यांच्यातल्या एकानं भोसकून मारलं. त्या दिवशी एकूण चार जण मेले.

नशिबाचा भाग दोन्हीकडे होता. पण बेथेलला बंदोबस्ताचं काम ज्यांच्याकडे होतं ते आधी स्वयंपाक करत होते, आणि आल्टामाँटला ज्यांच्याकडे होतं ते काठ्या घेऊन उभे होते. हा फरक मी नशिबाच्या खात्यात टाकणार नाही.

पुन्हा वुडस्टॉक करायचे प्रयत्न का फसले?

१९९४ चा, सॉगर्टीजला झालेला, तसा निभावला. चिखल होता, प्रायोजक होते, लोक खूश होऊन गेले. १९९९ चा मात्र काळा डाग आहे. न्यूयॉर्क राज्यातल्याच रोम गावाजवळच्या बंद पडलेल्या लष्करी विमानतळावर, डांबर-सिमेंटवर, रणरणत्या उन्हात लाखो लोक उभे केले आणि पाण्याची बाटली ४ डॉलरला विकली. शेवटच्या रात्री आगी लागल्या, लुटालूट झाली, स्त्रियांवर अत्याचाराच्या तक्रारी आल्या. यास्गरची ‘पाणी फुकट’ ही पाटी आणि ती ४ डॉलरची बाटली शेजारी ठेवली की वेगळं विश्लेषण करावं लागत नाही. २०१९ चा सुवर्णमहोत्सवी कार्यक्रम गुंतवणूकदारानं अंग काढून घेतल्यावर आणि जागा हुकल्यावर रद्दच झाला. मायकेल लँग २०२२ च्या जानेवारीत वारला.

भारतात, विशेषतः महाराष्ट्र-गोव्यात, याचे पडसाद उमटले का?

उमटले. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेह यात्रा’ नावाचा खुल्या मैदानावरचा रॉक महोत्सव झाला, त्याला भारताचं वुडस्टॉक म्हटलं जातं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतली पोरं त्याच रेल्वेमार्गानं तिथे उतरली ज्यानं लोक कार्ला-भाजे पाहायला जातात. पुढे १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि एका पिढीनं तिथे माना हलवल्या. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा त्याच वाटेवरचा, पण पुरता नियोजित, तिकीट लावलेला आणि प्रायोजित.

गोव्याची गोष्ट थोडी वेगळी. हणजूण, कळंगुट, वागातोरला येणारे हिप्पी वुडस्टॉकच्या आधीपासून येत होते. वुडस्टॉकनं त्यांना आणलं नाही, दोन्ही एकाच लाटेची टोकं. त्यातला ‘एट फिंगर एडी’ हणजूणला सामूहिक स्वयंपाकघर चालवायचा आणि खिसा रिकामा असलेल्यांना फुकट जेवू घालायचा. हणजूणचा बुधवारचा बाजार त्याच लोकांनी सुरू केला. १९९० च्या दशकातलं गोवा ट्रान्स संगीतही किनाऱ्यावरच्या त्याच रात्रींमधून घडत गेलं. या सगळ्यात गावकऱ्यांना काय सोसावं लागलं, किनाऱ्यांचं काय झालं, अमली पदार्थांचा धंदा कसा रुजला, हा हिशेब स्वतंत्रपणे आणि गोव्याच्याच लोकांनी मांडायला हवा.

हॉग फार्मच्या लोकांचं पुढे काय झालं?

हे कोणी फारसं विचारत नाही, म्हणून मुद्दाम घेतलं आहे.

१९७० मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळानं लाखो बळी घेतले. तेव्हा ही मंडळी युरोपातून बस घेऊन मदत पोचवायच्या इराद्यानं निघाली. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ती भारत-नेपाळपर्यंत आली. युद्धामुळे बांगलादेशापर्यंत पोचता आलं नाही. बसमध्ये लॅरी ब्रिलियंट नावाचा तरुण डॉक्टर होता. तो पुढे नीम करोली बाबांच्या आश्रमात राहिला, आणि बाबांच्या सांगण्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी रोगाच्या निर्मूलन मोहिमेत कामाला लागला. १९७५ मध्ये भारत देवीमुक्त झाला. त्या कामात हजारो भारतीय आरोग्यसेवक होते, त्यांच्यासोबत हाही खेड्यापाड्यांत घरोघर फिरला.

१९७८ मध्ये ब्रिलियंट, वेव्ही ग्रेव्ही, राम दास (रिचर्ड अल्पर्ट हा अमेरिकन अध्यात्मगुरू) आणि काही मित्रांनी ‘सेवा फाउंडेशन’ काढलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे डॉ. जी. वेंकटस्वामी त्यांच्याशी जोडले गेले. मोतीबिंदूनं आंधळी झालेली गरीब माणसं पुन्हा पाहू लागावीत, हे काम. परदेशी कृत्रिम भिंग महाग पडायचं, म्हणून १९९२ मध्ये मदुराईतच भिंगं बनवायला सुरुवात झाली आणि किंमत कित्येक पटींनी उतरली. सेवा फाउंडेशनची या कामात मदत होती. वेव्ही ग्रेव्ही अनेक वर्षं निधीसाठी मैफली भरवत राहिला, आणि जुने वुडस्टॉकचे कलाकार त्यात गायला यायचे. वुडस्टॉकची पिढी नुसती नाचली आणि मग शेअर बाजारात गेली, असं कोणी म्हटलं की मी ही हकीकत सांगते.

ती जागा आज पाहता येते का?

येते. २००६ मध्ये तिथे ‘बेथेल वुड्स’ हे कलाकेंद्र सुरू झालं आणि २००८ मध्ये संग्रहालय उघडलं. २०१७ पासून ती जागा अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे. मूळ उतार, जिथे लोक बसले होते, तो मोकळाच ठेवला आहे. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दोन-अडीच तासांच्या गाडीच्या अंतरावर आहे, उन्हाळ्यात एका दिवसात जाऊन येता येतं.

ऐकायला-पाहायला सुरुवात कुठून करू?

आधी वॉडलीचा चित्रपट, सलग, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर. तीन तासांच्या वर आहे, म्हणून सुट्टीचा दिवस पाहा. मग ‘समर ऑफ सोल’. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी २०१९ मध्ये जवळजवळ संपूर्ण ध्वनिमुद्रण ३८ सीडींच्या संचात आलं आहे. मंचावरच्या सूचनाही त्यात आहेत : कोणाची औषधं राहिली आहेत, कोणाला घरी फोन करायचा आहे, कोणी मनोऱ्यावरून खाली उतरायचं आहे. सगळं नाही जमलं तर तीनच गोष्टी ऐका. हेवन्सचं ‘फ्रीडम’, सान्तानाचं ‘सोल सॅक्रिफाइस’ आणि सोमवार सकाळचं हेन्ड्रिक्सचं राष्ट्रगीत. हेडफोन लावून, आवाज थोडा मोठा ठेवून.